बाळाबाईचं लाल फडकं

कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत बाळाबाई गरोदर बायकांची बाधा काढत होती. पिवळं तेल पायांना खसाखसा चोळायचं, मग पांढरं फडकं तीर्थात बुडवून पुसायचं. फडकं लालभडक होई आणि सगळे हात जोडले जात.

शेजारच्या जाईचा नंबर आला. सातवा महिना, पहिलटकरीण. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे रखमामावशींनी, मलाही बळेच आणलं होतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, हे त्या सोयीने विसरल्या होत्या.

जाईची डावी पोटरी सुजलेली दिसली. हात लावला, तर गरम. उजवी मात्र नेहमीसारखी.

“दुखते?”

“काल तर चालवेना, काकू.”

“बाधा तितंच बसलीय,” बाळाबाई अंगठा सरसावत म्हणाली. “दाबली की सरसर वर निघून जाईल.”

वर जाण्याचीच मला भीती होती. जाईचा पाय मी मागे घेतला आणि म्हटलं, आधी दुसऱ्या कुणाची बाधा बघू. दारात उभे असलेले सेक्रेटरी दिनानाथराव हौसेने पुढे आले. शर्ट वर करून त्यांनी ढेरी दिली. तेच तेल, तेच तीर्थ. फडकं लाल.

“मॅडम, मला कितवा लागला म्हणायचा?”

हॉल हसला. पुरुषालाही बाधा असते, असं बाळाबाई सांगू लागली. मी तेच तेल स्टीलच्या ताटलीला चोळून तीर्थाच्या फडक्याने पुसलं. ताटलीचीही बाधा निघाली.

“मावशी, गावी तुम्ही कुंकू कशाचं करायचात?”

“हळदीला चुना...” मावशी थांबल्या. तेलाचा वास घेतला, तीर्थात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. तेलात हळद, तीर्थात चुन्याची निवळी. “माझ्या सुनेच्या पायावर कुंकू बनवत होतीस व्हय गं?”

बाळाबाईने पिशवी उचलली.

आम्ही जाईला तडक दवाखान्यात नेलं. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होती. चोळून ती सुटली असती, तर फुप्फुसात जाऊन अडकली असती. इंजेक्शनं चालू झाली. पुढे जाईची मुलगी, ईश्वरी, ठणठणीत जन्मली.

गरोदरपणी मालिश वाईट नाही. डॉक्टरांना विचारा, कुशीवर निजा, पाठ-खांद्यांवर हलका हात फिरवून घ्या. पोट मात्र कुणाला दाबू देऊ नका. आणि एकच पाय सुजून दुखू लागला, तर तेलाची बाटली ठेवा आणि दवाखाना गाठा. रखमामावशी हल्ली कुणाही गरोदर मुलीच्या दोन्ही पोटऱ्या आधी बघतात, मगच तेल कोमट करायला ठेवतात.