न लागलेलं विरजण

रतिबाचं गिऱ्हाईक असलेल्या गोमटेशनं पातेलं आकारामच्या अंगणातच आडवं केलं. रात्री विरजलेलं दही घट्ट गोळ्यानं पडायला हवं होतं. त्याऐवजी पांढरं दूध फरशीवरून पळत जाऊन गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं.

“बघा, आकारामआण्णा. आज भाचीचं डोहाळजेवण हाय आणि माझ्या घरात दह्याचा ठिपका न्हाई. दुधात काय घातलंय सांगा!”

उचगावात आकारामच्या दुधावर बोट ठेवायची आजवर कुणाची टाप नव्हती. म्हातारा उभ्या जागी पांढरा पडला. गोमटेश गेला तोही सरळ नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बडबडत गेला.

धाकटी सून वर्षाराणी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती कोल्हापुरातल्या कॉलेजात जंतुशास्त्र शिकवायची. दूध वाहताना बघितलं आणि तिच्या सगळं ध्यानात आलं. थोरल्या म्हशीला दगडी झाली होती, कास एका अंगानं सुजून टणक. गुरांच्या डॉक्टरनं सुजलेल्या सडात पेनिसिलिनची ट्यूब सोडली होती. आणि आकारामनं आपल्या अकलेनं ठरवलं होतं, औषध एका सडात, म्हणजे बाकीचे तीन चांगले. त्या तीन सडांचं दूध खुशाल कॅनमध्ये गेलं. अहो, कास एक, रक्त एक, औषध काय सडाच्या दाराशी थांबून राहतं? पण म्हाताऱ्याला सांगणार कोण!

वर्गात ती हेच शिकवायची. जंतू वाढताना आपली भिंत आपणच जराजरा कातरतो आणि कातरलेल्या जागी लगेच नवा माल भरतो. पेनिसिलिन ते भरायचं काम बंद पाडतं. कातरी मात्र थांबत नाही, उलट तिला चेव चढतो. मग वेगळा मारेकरी लागत नाही. जंतू आपल्याच हातानं भिंत उसवून फुटतो. विरजणातले जंतू गोमटेशच्या पातेल्यात रात्रभर असेच फुटले होते.

एवढं ती बोलली असती तर प्रकरण चहावर मिटलं असतं.

पण या घरात भरायचं काम आजवर तिनंच केलं होतं. थोरल्या दिराचा टोमणा नवऱ्याच्या कानावर जाईतो मऊ करायचा, सासऱ्याची शिवी गिळायची, सासूचं रडणं पुसायचं. तिला या सगळ्याचा वीट आला होता. शहरात, राजारामपुरीत दोन खोल्या हव्या होत्या, शेणाच्या वासाबाहेर, स्वतःच्या. आणि नवरा, विश्वजित, तर वेगळं व्हायचा विषय काढू देत नव्हता.

ती दारातच उभी राहिली.

“कॅन घेऊन तूच जातोस न्हवं?” थोरला विजयसिंह धाकट्या भावावर धावून गेला. “पावडर कालवलीस का काय घातलंस?”

“मी काय बी घातलं न्हाई, दादा.”

“मग दूध आपोआप मेलं व्हय?”

विश्वजितनं बापाकडे बघितलं. आकारामनं नजर फिरवली. सासू झुंबरबाई मध्ये आली, रडकुंडीला आलेली, आणि तिनं धाकट्या सुनेचा हात धरला.

“तू शिकलेली हाईस, पोरी. असलंच शिकवतीस की. तू सांग, कशानं झालं हे?”

सगळ्यांच्या माना वळल्या. विश्वजितही तिच्याकडे बघत राहिला.

“मला दुधातलं काय कळतंय, आत्ती?” वर्षाराणी म्हणाली आणि तिनं हात सोडवून घेतला.

मग काय! विजयसिंहाला रान मोकळं मिळालं. त्यानं पार शेतातल्या बांधापासूनचं सगळं उकरलं. विश्वजितही पेटला, भावाची जुनी लफडी बापासमोर मांडली. ही तर सुरुवात होती.

“देवानं तुला पोर दिलं न्हाई तेच बरं केलं,” विजयसिंह म्हणाला. “त्यालाबी भेसळच शिकवली असतीस.”

विश्वजितनं भावाच्या थोबाडीत मारली. झुंबरबाई खाली बसली. आकारामनं धाकट्याचे कपडे खुंटीवरून ओढून अंगणातल्या ओल्यात फेकले.

“चालता हो! माझ्या दुधाला बट्टा लावलास. माझ्या मढ्याला बी येऊ नगंस!”

पोराची गोष्ट वर्षाराणीलाही सुरीसारखी लागली होती. तरी खाली वाकून ओले शर्ट गोळा करताना तिच्या मनात राजारामपुरीतल्या त्या खोल्यांचे पडदे आले, आणि तिचं तिलाच हसू आवरेना. कुणी बघू नये म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. सासूला वाटलं, सून रडतेय.

खोल्या मिळाल्या. पडदे लागले. पहिल्या रविवारी तिनं निवांत पोहे केले आणि नवऱ्यासमोर ताटली ठेवली.

“बघा, किती शांत आहे,” ती म्हणाली.

विश्वजितनं ताटलीला हात लावला नाही.

“ट्यूब सोडून निघताना डॉक्टरनं मला फाटकाशी सांगितलं हुतं. चारी सडांचं दूध ओतून टाका म्हणून. मी आबांना सांगितलं. त्यांनी ऐकलं न्हाई.”

तिच्या हातातला चमचा थांबला. “मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“चारचौघांत बापाला खोटं कसं पाडू? माझ्या तोंडून ते त्यांना सोसलं नसतं. तुझ्या तोंडून सोसलं असतं. मॅडम म्हणत्यात तुला ते. आईनं तुझा हात धरला, तवा मला वाटलं, सुटलो.”

“अहो, मला खरंच...”

“मी आबांसाठी गप ऱ्हायलो. तू कुणासाठी?”

“तुमच्यासाठीच की,” ती घाईनं म्हणाली. “आपल्या दोघांसाठी.”

विश्वजितनं मान हलवली, जणू पटलं. मग तो उठला, आतल्या खोलीत गेला, आपली उशी आणि चादर काखेत घेऊन बाहेर आला आणि दाराजवळच्या सतरंजीवर टाकली.

“पोहे खा तू,” तो म्हणाला. “गार व्हायल्यात.”