मारेताच्या कोपऱ्यातली तीन झाडं

आमच्या बेटावर लोक काहीही विचारतात. नवरा रात्री कुठे होता, सून का रुसली, पोटात दुखतंय ते कशाने. पण तुमच्या खड्ड्यातल्या बाबाईला, म्हणजे आमच्या त्या मोठ्या अळूला, खायला काय घालता, हे कुणी कुणाला विचारत नाही. आमच्या घरचं गुपित सासऱ्यांनी मरायला टेकल्यावर मला सांगितलं, तेसुद्धा माझ्या नवऱ्याला बाहेर घालवून. कुठल्या झाडाची पानं, किती दिवस वाळवायची, चंद्र कसा असताना घालायची. त्या गुपिताच्या जोरावर मानेआबात, गावच्या बैठकीच्या छपराखाली, सगळ्यात जाड कंद आमच्याच जागेपुढे यायचा. समोरच्या खांबाला टेकून काबुरोरो बसतो. चाळीस वर्षं तो माझ्या बाबाईकडे बघून नाक मुरडतो आणि दोनदा वाढून घेतो.

माझ्या मुलाने, बिरिबोने, बायको आणली ती तारावाची, शहरात वाढलेली. नाव मारेता. खड्ड्यात उतरतानासुद्धा पायात चपला. पहिल्याच आठवड्यात तोंड वर करून विचारते, "आई, ह्यांना काय घालता?"

मी म्हटलं, "ह्या कोपऱ्यातली तीन रोपं तुझी. जगव नाही तर मार. मला विचारायचं नाही, मीही तुला विचारणार नाही."

फार शहाणपणाचं बोलले असं तेव्हा वाटलं होतं.

मग दोन वर्षं आभाळ कोरडं गेलं. ज्यांची पानं घालायची ती झाडंच वाळली, खड्ड्यातलं पाणी मचूळ झालं, माझ्या बाबाईची पानं पिवळी पडून लोंबायला लागली. मारेताच्या कोपऱ्यात मात्र एकेका पानाखाली दोन माणसं उभी राहतील अशी सावली. त्यात मानेआबाचं छप्पर नवीन शाकारून झालं आणि मेजवानी पंधरा दिवसांवर आली. मनगटाएवढा कंद घेऊन काबुरोरोसमोर बसायचं म्हणजे मेलेलं बरं.

मी खड्ड्याच्या काठाकाठाने घिरट्या घालायला लागले.

"पोरी, तुझी पानं फार माजलीत."

"हो का आई? माझं लक्षच नाही."

"पाऊस तेवढा तुझ्याच कोपऱ्यात पडतो वाटतं."

"देवाला दया येत असेल. सासू कशी मिळालीय ते बघतो ना तो."

विचारायचं तर मीच बंद केलेलं. मग काय करणार? एका दुपारी तिच्या मागोमाग गेले आणि केवड्याच्या झाडाआड उभी राहिले. ती गेली डुकरांच्या वाड्यात. डुकरांच्या पायाखाली नारळाच्या सोडणांचा चुरा आणि वाळका पाला अंथरलेला. ती तो भिजला, माखला की ओढून काढते आणि जुन्या चटईखाली ढीग लावून ठेवते. सगळ्यात जुन्या ढिगातून तिने पाटी भरली, मूठभर हातात चुरलं आणि नाकाशी नेलं. मला राहवेना.

"अगं, डुकराची घाण ती! मानेआबातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात जाणार!"

"आई! तुम्ही इथे?"

"वारा खायला आले."

"डुकरांच्या वाड्यामागे?" ती हसू दाबत म्हणाली. "आलाच आहात तर हात लावा. चार महिने झालेत ह्या ढिगाला. आधी इतका तापतो की हात ठेववत नाही. आता बघा, गार पडलाय."

हात लावला. काळी, भुसभुशीत माती. वास नीरफणसाच्या झाडाखालच्या जमिनीचा. घाण येत नाही याचाच मला जास्त राग आला.

मेजवानीच्या सकाळी मी माझा कंद उपटला. काय सांगू, रताळं बरं. मारेताचा एकच कंद बिरिबोने आणि तिने मिळून उचलला. बिरिबो म्हणाला, "आई, कुठला न्यायचा?"

"डोळे फुटलेत का तुझे? मोठा तो."

वाटेत मारेता मान खाली घालून पाटीचं एक टोक धरून चालली होती.

मानेआबात कंद वाढला गेला. काबुरोरोने पहिला घास घेतला, डोळे मिटले, नाक मुरडायचं विसरला. तिसऱ्यांदा वाढून घेताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तेरोआ, सासऱ्याचं नाव राखलंस बाई."

आता मी फक्त गप्प बसायचं होतं. गावाला ठाऊक आहे, तेवढं एक मला जमत नाही.

"माझी नाही ही. सुनेने वाढवलीय."

"कोणी? त्या चपलावालीने?"

"तिनेच. आणि तू तिसऱ्यांदा घेतोयस."

सगळं छप्पर हसलं. काबुरोरो खाली बघून खात राहिला. मारेता आमच्या जागेमागे, बायकांत बसली होती. तिथून ती उठली आणि सगळ्यांसमोर माझ्या शेजारी येऊन बसली. मी सरकून जागा दिली. काय घातलं होतं ते मी सांगितलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

घरी आल्यावर सगळा खड्डा तिच्या हवाली केला. सासऱ्यांचं गुपितही कानात सांगितलं. ती नीट ऐकून म्हणाली, "छान आहे, आई. ती पानं आधी डुकरांच्या पायाखाली घालू."

सासरे थडग्यात वळले असतील. वळू देत.

हल्ली सकाळी मी सोडणं तासत बसते. ती येते, एक तुकडा उचलून उन्हात धरते.

"आई, एवढं जाडं? डुकरांना उशा करायच्यात का?"

मी आणखी बारीक तासते.