मागातली बाई

उमरेडहून लग्न होऊन नागपुरात येताना भागीरथेला वाटलं होतं, जादूगाराची बायको म्हणजे घरात रोजची गंमत. गंमत अशी निघाली, की पेटीत मावेल एवढी बारीक बाई धर्मेंद्रला हवीच होती. आधी त्याची चुलतबहीण पेटीत बसायची, तिचं लग्न होऊन ती गेली होती. अंगावरची हळद निघायच्या आतच भागीरथा गुडघे छातीशी घेऊन, श्वास आवरून बसायला शिकली.

धर्मेंद्र 'जादूगर धर्मा' या नावानं खेळ करायचा. नंदनवनातल्या घराच्या मागच्या खोलीत त्याच्या पेट्या, आरसे आणि तलवारी होत्या, आणि सीताबर्डीच्या फूटपाथवरून घेतलेलं एक जाड इंग्रजी पुस्तक. रंगमंचावरच्या मोठ्या खेळांचे नकाशे त्यात होते. नकाशावर बोट ठेवून तो सक्करदऱ्यातल्या सुताराला सांगायचा, "हे असंच पाहिजे. सूतभर इकडंतिकडं नको." सुतारही तसंच करून द्यायचा, चित्रातल्या ड्रॅगनसकट. मग भागीरथा त्या ड्रॅगनच्या पोटात शिरायची आणि धर्मेंद्र बाहेरून तलवारी खुपसायचा.

शाळांची संमेलनं, पतसंस्थांचे वर्धापनदिन, वाढदिवस, यावर बरीच वर्षं निघाली. मग हातोहाती मोबाइल आले आणि जगातल्या सगळ्या पेट्यांची गुपितं चव्हाट्यावर आली. कळमेश्वरच्या एका कारखान्याच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतला एक कामगार ऐन रंगात ओरडला, "अबे, खालची फळी पाहा केवढी जाड हाय! बाई खालीच हाय!"

सगळा मंडप हसला. भागीरथा खालीच होती. फळीच्या आत आडवी पडून तिनं ते हसू शेवटपर्यंत ऐकलं.

परतीच्या वाटेवर धर्मेंद्र टेम्पोत चिडून बोलत होता. "लोकच वाया गेले. मोबाइलनं नास केला सारा."

"लोक काहून वाया जातीन?" भागीरथा म्हणाली. "पेटी वाया गेली. पेटी दिसली का मानूस शंकेनंच पाहते. पेटी असते कशासाठी? काही लपवासाठीच ना?"

"मंग काय परातीत बसवू तुले?"

"तुमीच मले वाचून दाखवलं होतं ना, त्या पुस्तकात सुरुवातीलेच लिहून हाय. नकाशा आमचा घ्या, पन खेळ तुमच्या मुलखाचा करा म्हनून. आपल्या मुलखात ड्रॅगन कुठं हाय?"

धर्मेंद्रनं खिडकीबाहेर थुंकून विषय संपवला. पण भागीरथेच्या डोक्यातून तो गेला नाही. त्या पेटीचं खरं कसब तळाच्या उतारात आहे, हे तिला इंग्रजी न येताही ठाऊक होतं, कारण त्या उतारात तिची अर्धी जवानी गेली होती. पुढून कड बोटभर दिसे, मागं मात्र माणूस मावेल एवढी पोकळी. आणि असा उतार तिनं लहानपणापासून पाहिला होता. तिच्या वडिलांच्या, नत्थूजींच्या हातमागावर ताण्याचे धागे असेच तिरपे उतरत जायचे.

दिवाळीला ती माहेरी गेली आणि महिनाभर आलीच नाही. नत्थूजींच्या हातांना आता विणणं होत नव्हतं, पण माग अजून ओसरीत उभा होता. बापलेकींनी तो खोलला, लहान केला, चाकांवर बसवला. धाग्यांखाली तिरपी चौकट टाकली. भागीरथा आत शिरायची, नत्थूजी अंगणात खाली बसून पाहायचे आणि म्हणायचे, "कोपर दिसून राहिलं, बाई." मग पुन्हा चौकट काढायची, पुन्हा ठोकायची. पुस्तकातला नकाशा सपाट पेटीचा होता. विणताना बाईला बसायला जागा पाहिजे, आडव्या धाग्याचा धोटा फेकायला हात मोकळे पाहिजेत, हे सगळं तिलाच नव्यानं जुळवावं लागलं. एके सकाळी नत्थूजी बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "कुठं गेली गा ही?" तेव्हा आत चौकटीत पडल्या पडल्या भागीरथेला रडू आलं.

खेळ असा झाला होता. बाई मागावर बसून विणते. विणलेली साडी तिच्यावरून ओढून घेतात. साडी खाली पडते तेव्हा मागावर कोणी नसतं. रिकामा माग बाजूला ढकलत नेतात, आणि तशीच साडी नेसलेली बाई सभागृहाच्या मागच्या दारातून हसत हसत आत येते.

"मागावर कोन जादू पाहते वं?" असं म्हणत म्हणत धर्मेंद्रनं तो पहिल्यांदा केला. लोकांनी पाहिला. एवढंच नाही, बाया उठून मागच्या दाराकडे धावल्या आणि भागीरथेच्या पदराला हात लावून पाहू लागल्या. वर्षभरात जादूगर धर्माचं नाव पार अमरावतीपर्यंत गेलं. मोबाइलवर शोधूनही या खेळाचं गुपित सापडत नव्हतं, कारण असा खेळ जगात दुसरीकडे नव्हताच.

त्या हिवाळ्यात नागपुरात जादूगारांचं संमेलन भरलं. देशभरातले लोक आले होते. समारोपाला धर्मेंद्रचा माग ठेवला होता. भागीरथेनं अबोली रंगाची साडी नेसली, वर साधं लुगडं गुंडाळलं आणि मागावर बसली. धोटा फिरला, कापड ओढलं गेलं, ती धाग्यांखाली सरकली. साडी पडली. टाळ्यांचा गडगडाट झाला.

आता माग ढकलायचा होता. पण धर्मेंद्रनं माइक हातात घेतला.

"मित्रांनो, तुम्ही विचारता हे सुचलं कसं," तो म्हणाला. मंचावर तो पुस्तकी मराठी बोलायचा. "सासुरवाडीला गेलो होतो. सासरे विणत होते. मी दारात उभा होतो आणि एकदम मला तो उतार दिसला. रात्र रात्र झोपलो नाही. बायको म्हणाली, वेड लागलं का तुम्हाला? सासरे म्हणाले, मागाला हात लावू देणार नाही. पण कलाकाराला वेडच लागावं लागतं."

लोक हसले, हळहळले, पुन्हा टाळ्या वाजल्या. भागीरथेची मान वाकलेली होती आणि हनुवटी गुडघ्यावर दाबलेली. तिच्या कानापासून दोन हातांवर धर्मेंद्रचे बूट होते. तिला वाटलं, आत्ता लाथ मारून चौकट पाडावी. पण चौकट तिनं आणि बापानं ठोकली होती, ती लाथेनं पडणारी नव्हती. आणि पडली असती तर खेळ मेला असता. तेही तिला नको होतं.

अखेर माग पडद्याआड आला. ती बाहेर सरकली, लुगडं फेकलं, व्हरांड्यातून मागच्या दाराशी गेली. कडीला हात घातला आणि तिथंच थांबली. आतून धर्मेंद्रचा आवाज आला, "आणि ही पाहा, मागच्या दारातून!"

ती गेली नाही. पाहू दे म्हटलं. बाईशिवाय याचं काय होते ते पाहू दे साऱ्यांले.

"मागच्या दारातून!" आवाज थोडा चढला. दाराच्या फटीतून झोताचा उजेड तिच्या पायावर पडला होता. आत कुणीतरी खोकलं. आयुष्यात पहिल्यांदा खेळ तिच्या हातात होता.

मग धर्मेंद्र हळू, भरल्या गळ्यानं बोलला. "नाही आली. विणणारी येत नसते, मित्रांनो. कापड राहतं, विणणारी राहत नाही."

आणि असा टाळ्यांचा लोंढा उठला, की हातातली कडी थरथरली. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. लोक उभे राहिले होते. अबोली साडी नेसून भागीरथा दाराबाहेर उभी होती.

दुसऱ्या दिवशी चहा घेताना तिनं स्वतःच काढलं. "काल मी मुद्दाम नाही आली."

"मले समजलं," धर्मेंद्र म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "लय भारी केलं तू. मी पाहा कसं सावरून घेतलं! आता हेच ठेवू. बाई परत येतच नाही."

"तुमाले तोंडघशी पाडासाठी केलं मी. खोटं बोलले तुमी. माह्या बापानं मागाले हात लावू नाही देल्ला? बापानं तर मोडून देल्ला तो तुमच्यासाठी."

"अवं, मंचावर गोष्ट सांगा लागते. तुह्या डोक्यातलं का माह्या डोक्यातलं, यात काय फरक हाय?"

"मंग माहं नाव काहून नाही घेतलं?"

त्यानं कप खाली ठेवला आणि तिच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मागात कोन लपलं हाय, ते सांगून देऊ का लोकायले?"

संध्याकाळपर्यंत तिला यावर दहा उत्तरं सुचली, पण तोवर तो बाहेर गेला होता.

पुढचं भरभर झालं. जादूगारांच्या मासिकात मागाचा नकाशा धर्मेंद्रच्या नावानं छापून आला. आणि बाईनं परत यायचंच नसेल, तर तिच्या चेहऱ्याचं काय काम? लवचीक सांध्यांची, कमरेत लवणारी कोणतीही मुलगी चालणार होती. चिन्मयी नावाची कॉलेजात नाचणारी मुलगी आली. तिला चौकटीत शिरायचं शिकवायला भागीरथेलाच सांगितलं. तिनं नीट शिकवलं, मुलीला इजा होऊ नये म्हणून. आणि चिन्मयीला कोपर लपवता यायला लागलं त्या दिवशी ती बॅग भरून उमरेडच्या बसमध्ये बसली.

नत्थूजींनी गल्लीतला एक मोडका माग मागून आणला. या वेळी भागीरथेनं जादूगारालाच काढून टाकलं. बाई स्वतः विणते, स्वतःच नाहीशी होते, आणि ती गेल्यावरही माग चालूच राहतो. धोटा इकडून तिकडे जातो, धागे ठोकणारी फणी आपटते, कापड पुढं सरकतं, आणि बसायची जागा रिकामी. चौकटीत पडून, पायाच्या अंगठ्याला दोऱ्या बांधून, ते जमवता जमवता तिच्या पोटऱ्यांना गोळे यायचे. मग माग पडद्याआड ढकलला, की शेवटी ती पाहायला बसलेल्या बायांच्या मधून उठायची आणि मंचावर चालत जायची.

पहिला खेळ कळमेश्वरला, बचत गटांच्या मेळाव्यात झाला. रिकामा माग खटखटू लागला. मागच्या सतरंजीवरची एक म्हातारी हात जोडून बसली. भागीरथा मंचावर आली, वाकली, आणि टाळ्या थेट तिच्या तोंडावर आल्या. आजवर तिला त्या बहुतेक लाकडातूनच ऐकू यायच्या.

खेळ संपल्यावर रजत नावाचा एक तरुण भेटायला आला. तोही जादूगार, संमेलनाला आलेला. त्यानं वाकून नमस्कार केला.

"काकू, जबरदस्त. एक नंबर. पण एक बोलू का? राग नका मानू."

"बोल ना."

"धर्मा सरांचं नाव घ्यायले पाहिजे होतं. आपल्या लाइनमध्ये कोणाचा खेळ उचलला तर नाव घ्यावं लागते. घरातले असले तरी."

भागीरथा दोऱ्या सोडत होती. "तू होता त्या संमेलनात?"

"होतो ना. तिसऱ्या रांगेत."

"मंग मागात कोन होतं, ते तुले दिसलं नाही?"

रजत मनापासून हसला. "दिसलं असतं तर जादू कशाची, काकू?"

तो वाईट मुलगा नव्हता. त्यानं माग टेम्पोत चढवायला हात लावला, दोर आवळून बांधला, आणि जाताना पुन्हा पाया पडला.

आठवडाही झाला नाही आणि धर्मेंद्रचा फोन आला. ती गेल्यापासूनचा पहिलाच. भागीरथा ओसरीत उभी होती. कशी आहेस विचारेल, निदान नत्थूजींची चौकशी करील, असं तिला उगाच वाटून गेलं.

"रजत सांगत होता," तो घाईघाईनं म्हणाला, "बाई गेल्यावर बी माग चालूच राहते म्हने. खरं हाय का? कसं केलं वं? मुंबईचा कार्यक्रम हाय माहा, त्याच्या आत बसवतो चिन्मयीले. दोऱ्या कुठून घेतल्या तू? हातानं का पायानं?"

भागीरथेनं फोन कानाशी धरून ठेवला.

"हॅलो," तो म्हणत राहिला. "हॅलो? हाय का तू तिथं? हॅलो?"