क्रूस गुलाबी रडला

"आली, आसवं आली!" जुन्या चर्चच्या दारात एकच झुंबड उडाली. डोंगरावरच्या देवीला अनवाणी निघालेले यात्रेकरू वाटेत इथेच अडकायचे. भिंतीतला दगडी क्रूस चैत्रापासून म्हणे रडत होता.

क्रुसाखाली बाटली धरून उभे हर्षदमहाराज. कालपरवापर्यंत रोह्याशेजारच्या अष्टमी गावात मोबाइलची कव्हरं विकायचे. "देव सगळ्यांचा, माउली! आसवं प्या. ताप, पाठदुखी, गेलेलं नेटवर्क, जायचं ते जातं, यायचं ते येतं!"

अनिताच्या खांद्यावर चार वर्षांची दिशा तापाने फणफणली होती.

"आत्या, रोह्याला डॉक्टरकडं नेऊ या."

"देव दारात सोडून सुया कशाला गो?" सासू धोंडुबाई म्हणाली. "आसवं पाज. नायतर माझ्या घरात येऊ नको."

दर्शनाआधी चर्चमागच्या चढावर, भिंतीला चिकटलेल्या दगडी कुंडीत पाणी ओतायचं. पाखराला पाजल्याशिवाय या वाटेवरचा माणूस स्वतः घोट घेत नाही, ही जुनी रीत. महाराजांनी तिची सक्ती केली होती.

दिशाला कुंडीच्या काठावर बसवून अनिताने तापाच्या औषधाची बाटली उघडली. "घे गो माझी बाय." दिशाने हात झटकला. बाटली कुंडीत! पाणी गुलाबी झालं. अनिताला रडूच कोसळलं.

त्यांचा नंबर येईतो आतून आरोळी उठली, "रक्त! देव रक्त रडला!"

महाराज क्षणभर गडबडले, मग गरजले, "कुणीतरी पाप केलंय!" धोंडुबाईने लोटांगण घातलं.

दिशाने नाक वर केलं. "आई, माजं औषध."

अनिताने क्रुसावरून बोट फिरवून हुंगलं. स्ट्रॉबेरी! खाली मुंग्यांची रांगही लागलेली.

"महाराज, देवाला ताप आलाय काय?"

"नास्तिक बाई!"

"मी नास्तिक, मग या मुंग्या कोण? प्रसादाला आल्या व्हय?"

हशा पिकला. "औषध तर मागच्या कुंडीत सांडलं होतं," अनिता म्हणाली. रांगेतला शेतमजूर भिकू मागे जाऊन कुंडीत देवीसाठी आणलेली हळद कालवून आला. सगळे डोळे ताणून क्रुसाकडे बघत राहिले. थोड्या वेळाने क्रूस पिवळा रडला. कुंडीच्या तळाला भेग होती. ओतलेलं पाणी भिंतीतून झिरपून क्रुसावर उतरत होतं.

"म्हंजे पाखरांच्या आंघोळीचं पाणी प्यालो रे आपण!" एक म्हातारा तोंड पुसत थुंकला. महाराज तोवर दाराबाहेर सटकले होते, बाटलीसकट.

धोंडुबाई उठली. लुगडं झटकलं, दिशाला उचलून घेतलं. "बघत काय राहिलीस गो? रिक्षा थांबव, रोह्याला चल."

क्रूस पूर्वीही मुकाट उभा होता, पुढेही राहील. देवीला खुशाल जा, पाखरांना पाणीही घाला. पण दगड रडू लागला तर हात जोडण्याआधी एकदा भिंतीमागे जाऊन या. आणि लेकरू तापलं असेल तर तेवढंही थांबू नका. आधी डॉक्टर गाठा.