तारीख नसलेले राजीनामे

जलतरण संघटनेच्या सचिवसाहेबांना माणसं सांभाळायची कला अवगत आहे, असं सगळे म्हणत. सगळ्यांच्या आधी ते स्वतःच म्हणत. त्यांना घोट्यापलीकडे पाण्यात उतरलेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यांची सगळी कला टेबलाच्या खालच्या खणात एका फाइलीत मावत होती. नोकरीवर घेतानाच प्रत्येक प्रशिक्षक बाईकडून ते राजीनामा लिहून घेत. सही बाईंची, तारखेची जागा कोरी. बाईंना दिवस गेले की साहेब तारीख घालत आणि वर पुष्पगुच्छ देत. पुरुषांकडून असलं पत्र घेत नसत. बाप झाल्यावर माणूस पोहणं विसरत नाही म्हणे!

शोभेपुरता त्यांनी मनुष्यबळ अधिकारीही नेमला होता, तोही घरचाच: व्यवस्थापन शिकून आलेली त्यांचीच मुलगी.

त्या सोमवारी मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक बाई ओल्या केसांनीच ऑफिसात आल्या. चौथा महिना होता. रजेचा अर्ज मुलीपुढे ठेवून म्हणाल्या, "मी परत येणार आहे मॅडम. माझी जागा तेवढी राहू द्या." आणि पुढच्या तुकडीसाठी निघून गेल्या.

साहेबांनी अर्ज वाचायची तसदी घेतली नाही. फाइल पुढे सरकवली. "हिच्या पत्रावर आजची तारीख घाल."

"बाबा, त्यांनी रजा मागितलीय."

"पोट घेऊन काठावर उभी राहणार? शोभतं का ते? तुझी आईही इथंच प्रशिक्षक होती; तिच्या पत्रावरही मीच घातली होती तारीख. तुझ्या वेळेला."

"आई तर म्हणते, समितीनं काढलं. तुम्ही तिच्यासाठी भांडलात म्हणे."

साहेब हसले. "समिती म्हणजे कोण गं? मीच की."

सत्तावीस वर्षं आई या माणसाचे उपकार मानत आली होती. त्याच्याविरुद्ध कुणी ब्र काढला की तीच गप्प करी. मुलीला बापाची किळस आली, आणि आली याचं वाईटही वाटलं नाही.

तिनं अर्जावर 'मंजूर' लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि फाइल उचलली.

"कुठे निघालीस? घरची माणसं अशी वागतात?"

"घरच्या माणसांशी तुम्ही कसे वागता, ते आत्ताच कळलं."

तलावावर तिनं एकेकीला बोलावून जिचं पत्र तिच्या हातात दिलं. कुणी तिथंच फाडलं, कुणी घडी घालून खिशात टाकलं.

फाइलीच्या तळाशी एक पिवळं पडलेलं पत्र उरलं. सही आईची, तारीख बापाच्या अक्षरातली. ते घेऊन ती घरी निघाली. आईला आज खरं सांगायचंच होतं.