चाल म्हणजे वेग नव्हे

"सर, आम्ही हुशार आहोत म्हणून सेमीत आहोत, की सेमीत आहोत म्हणून हुशार?"

ज्ञानदाने प्रश्न टाकला आणि स्टाफरूमच्या दाराआड उभ्या असलेल्या स्वप्ना नि रीमा हसून एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. पैज त्यांचीच होती. परेश सरांना हे विचारून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचल. आठवीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही जिचा आवाज बाकाखाली जाऊन बसायचा, त्या ज्ञानदाला दहावीत आल्यापासून असं काही वारं लागलं होतं की पैज म्हटली की पाय आधी निघायचे आणि डोकं मागून धावत यायचं.

आता हे सेमी म्हणजे काय, तर नायगावच्या त्या शाळेत पाचवीला दोन वाटा फुटत. 'अ' तुकडीला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. 'ब' तुकडीला सगळंच मराठीतून. फाटक एकच, मैदान एकच, वडापावची गाडीही एकच. तरी 'अ'ची मुलं 'ब'च्या वर्गावरून जाताना जरा ताठ चालत, आणि का ताठ चालतो हे कुणी कुणाला विचारत नसे.

परेश सर चिडले नाहीत. ते शिक्षक दिनाचं वेळापत्रक करत बसले होते. त्या दिवशी दहावीची मुलं शिक्षक होतात, साड्या-झब्बे घालून खालच्या वर्गांना शिकवतात आणि खरे शिक्षक मागच्या बाकावर बसून समोसे खातात.

"तुला सातवी अ चं विज्ञान दिलंय ना?" सरांनी पेनाचं टोपण काढलं. "खोडलं. तू सातवी ब घे. गती, बल आणि कार्य. तयारी कर, मग उत्तर तूच मला सांग."

"बस्स? एवढंच?" ज्ञानदा म्हणाली आणि जिंकल्यासारखी बाहेर आली.

संध्याकाळी तिने धाकट्या सुमेधला सोफ्यावर बसवलं, हातात लाटणं घेतलं आणि शिकवायला सुरुवात केली.

"तर मुलांनो, स्पीड म्हणजे वेग."

"आणि व्हेलॉसिटी म्हणजे?" सुमेधने विचारलं.

"व्हेलॉसिटी म्हणजे... पण वेगच. जरा जास्त वेग."

"आणि डिस्प्लेसमेंट?"

"सरकासरकी."

आतून आईला, विनयाला, असं हसू फुटलं की फोडणी करपली.

ज्ञानदाला विज्ञान येत होतं. मराठीही येत होतं, घरात दुसरं बोलत कोण होतं! पण विज्ञान मराठीत येत नव्हतं. एकाच बिल्डिंगमध्ये राहून जिन्यात ओळख न दाखवणाऱ्या शेजाऱ्यांसारखं दोघांचं चाललं होतं तिच्या डोक्यात. तिने चपला घातल्या आणि जूचंद्र गावात उन्नतीकडे गेली. उन्नती दहावी ब मधली. चौथीपर्यंत दोघी एका बाकावर बसायच्या.

"स्पीड म्हणजे चाल," उन्नती म्हणाली. "वेग म्हणजे व्हेलॉसिटी. वेगाला दिशा लागते, चालीला लागत नाही."

"चाल? ती तर गाण्याला असते!"

"गाण्याला असते, बुद्धिबळात असते, आणि आमच्या पुस्तकात पण असते. तू सातवी ब समोर 'स्पीड म्हणजे वेग' म्हणालीस ना, तर पोरं तुला साडीसकट खाऊन टाकतील."

"आणि डिस्प्लेसमेंट?"

"विस्थापन. हे बघ, तू चंडिकेच्या डोंगराच्या पायऱ्या चढून वर गेलीस, दर्शन घेतलंस, आणि खाली जिथून निघालीस तिथेच आलीस. चाललीस भरपूर, पण विस्थापन शून्य."

उन्नतीची आई जयवंती ओट्यावर मासे साफ करत होती. तिने मान वर केली. "आनी पाय दुकले त्याचा काय? ते पन शून्य?"

"त्याला तेल लावायचा, आये," उन्नती म्हणाली आणि तिघी हसल्या.

हसता हसता ज्ञानदाच्या लक्षात आलं की उन्नती बोलताना उभी राहिली होती. तिचा एक हात हवेत होता, तिथे फळा असल्यासारखा. परेश सरांनी महिनाभर डोक्यात घुसवलेलं तिने पाच वाक्यांत सांगून टाकलं होतं.

"तू कुठला तास घेतेयस गं?"

"पाचवी. चित्रकला."

"चित्रकला? तुला साधा आंबा काढता येत नाही!"

"मग? 'ब'ला काय देतात, सांग. चित्रकला, पीटी, नाहीतर मराठी. गणित-विज्ञान 'अ'कडे."

"पण सातवी ब चं विज्ञान तरी..."

"ते पण 'अ'कडेच. मी मागितलं होतं. सर म्हणाले, दरवर्षी असंच असतं." उन्नती खाली बसली. "आम्ही सातवीत होतो तेव्हा 'अ'ची एक ताई आलेली. तासभर फोर्स, फोर्स, फोर्स. आम्हाला वाटलं, ताईचं आडनाव आहे."

ज्ञानदाला हसू आलं, पण ते अर्ध्यावर अडकलं. त्या ताईच्या जागी परवा तीच उभी राहणार होती.

"मला एकदा फळ्यासमोर उभं राहून बघायचं होतं," उन्नती म्हणाली. "अकरावीत सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीतून. आये म्हणते आर्ट्स घे, उगाच तोंडघशी पडशील. मी म्हटलं, शिक्षक दिनाला वर्गात जमलं तर सायन्स, नाहीतर तू म्हणशील ते."

जयवंती मासे धूत म्हणाली, "पाचवीला शालेत इचारला मना, घरान इंग्रजी शिकवाला कोन हाय? मी बोलली, कोनी नाय. झाला, टाकली 'ब'मधी."

ज्ञानदाला पाचवीतली तीच बैठक आठवली. तिच्या बाबांनी, सुधाकरांनी, रजा टाकली होती. त्यांनाही हाच प्रश्न विचारला होता आणि ते म्हणाले होते, "आहे ना, मी आहे." चौथीत पहिला नंबर उन्नतीचा होता. ज्ञानदा सातवी की आठवी आली होती, तिला नक्की आठवतही नव्हतं. पोरींना कुणी काही विचारलंच नव्हतं. जे विचारलं ते आईबापांना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती पुन्हा परेश सरांसमोर उभी राहिली. या वेळी दाराआड कुणी नव्हतं.

"सर, उत्तर मिळालं. आमचे बाबा हुशार होते. सातवी ब चं विज्ञान उन्नतीला द्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. "आणि तिची चित्रकला?"

"दहावी ब मधला लेस्ली घेईल. काय चित्रं काढतो तो, सर! त्याला तुम्ही त्या दिवसापुरता शिपाईमामा केलंय."

"मग शिपाई कोण होणार? त्याला कुणी तयार होत नाही. 'अ'मधून तर आजवर कुणीच नाही."

"मी."

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. "ज्ञानदा, तुझे आईबाबा उद्या बघायला येणार आहेत. मागे एकाचा गणिताचा तास काढून त्याला पीटी दिली, तर त्याचे वडील माझ्याशी भांडून गेले. तू आधी घरी विचार. ते हो म्हणाले तर मी नावं बदलतो."

रात्रीची जेवणं चालली होती. विनयाने आपल्या जांभळ्या साडीवरचा ब्लाऊज लेकीच्या मापाचा करून आणला होता. सुधाकर फोनवर चिपळूणच्या आत्याला सांगत होते, "हो हो, विज्ञान शिकवणार आहे, व्हिडिओ पाठवतो!" फोन ठेवून ते पानावर बसले. "काय मॅडम, तयारी झाली?"

"बाबा, माझा तास मी उन्नतीला देतेय. मी शिपाई होणार."

विनयाच्या हातातली डाव आमटीतच राहिली. "काय होणार?"

"शिपाई. घंटा द्यायची, खडू पोचवायचे, पाण्याचे जग भरायचे."

"अगं, एवढं सेमीत घातलं ते घंटा बडवायला?" सुधाकर म्हणाले. "आत्याला मी आता काय सांगू?"

"आणि उन्नतीला जमणार आहे का?" विनयाने विचारलं.

"तिलाच जमणार आहे. ती मागत होती तेव्हा नाही दिलं, आणि मी न मागता मला मिळालं. उद्या तिला जमलं तर ती सायन्स घेणार आहे, आई. नाही मिळालं तर घेणार नाही."

"पण सर हो म्हणाले?"

"सर म्हणाले, घरी विचारून ये." ज्ञानदाने भात कालवला. "पण मी विचारत नाहीये, सांगतेय. उद्या सातवी ब वर उन्नती जाणार, आणि तिच्या तासाची घंटा मी देणार."