बहिऱ्या कॅननपुढची रांग

तीन पाद्र्यांनी मिळून गायचं, ही कल्पना फादर लोर्कन हेफर्नन यांची. गटाचं नाव त्यांनीच ठेवलं, काळे कोट त्यांनीच इस्त्रीला दिले. कार्यक्रमांच्या पैशातून गावच्या शुश्रूषागृहात शेवटचे दिवस मोजणाऱ्यांसाठी चार खाटा वाढवायच्या, इतकं साधं पुण्यकर्म. आयर्लंडमधला सारा मेयो परगणा टाळ्या वाजवत होता. अडचण एवढीच की त्या टाळ्या फादर कोलमनच्या वरच्या सुरांसाठी होत्या.

"काय तो गळा, फादर!" बायका कोलमनला म्हणत. मग लोर्कनकडे वळून, "आणि तुमचे बूट किती चकचकीत!"

लोर्कन हसत. हसणं त्यांच्या कामाचाच भाग होता.

मग वर्तमानपत्रात फोटो आला. मधोमध कोलमन, शेजारी तिसरे फादर एंडा, आणि काठावर लोर्कनचा डावा कान. त्याच दिवशी त्यांनी ऑर्गन वाजवणाऱ्या मिस ब्रोगनला चिठ्ठी पाठवली : 'रविवारच्या कार्यक्रमात शेवटच्या गाण्याची पट्टी दोन स्वरांनी चढवा. कोलमनची तशी इच्छा आहे.' त्या पट्टीत कोलमनचा आवाज भर सभेत फाटणार, हे लोर्कन यांना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी नाताळाआधीची पापकबुली. आसपासचे सहा पाद्री चर्चच्या कोपऱ्याकोपऱ्यात बसले. पाच जणांपुढे दोन-दोन माणसं. कॅनन, म्हणजे मानाचे ज्येष्ठ पाद्री, असलेल्या वृद्ध मनेली यांच्यापुढे मात्र दारापर्यंत रांग. कॅननना ऐकू येत नसे, ही अख्ख्या गावाची सोय होती. कबुली पाद्र्यांनाही चुकत नाही. लोर्कन रांगेत उभे राहिले, गुडघे टेकले आणि भराभर सगळं पुटपुटले. चिठ्ठीसुद्धा.

"किती स्वरांनी म्हणालास?" कॅननने विचारलं.

लोर्कन यांनी झटकन मान वर केली. "तुम्हाला... ऐकू आलं?"

"मंगळवारी पुतणीनं कानाला यंत्र लावून दिलं. सकाळपासून गावाबद्दल बरंच नवं कळतंय. बोल."

"सगळं मी उभं केलं, कॅनन! आणि नाव त्याचं!"

"खाटा कुणासाठी रे?"

"आजाऱ्यांसाठी."

"उद्या गाण्याचं हसं झालं तर पुन्हा कोण बोलावील तुम्हाला? कोलमन आठ दिवसांत विसरेल. खाट जाईल ती कुणा म्हातारीची. तू पाडायला निघालास त्याला, आणि पडणार आहे ती!"

त्या म्हातारीचा विचारच लोर्कन यांनी केला नव्हता!

"प्रायश्चित्त ऐक. चिठ्ठी मागे घे. आणि उद्या कोलमनचं एक खरं कौतुक कर. तोंडावर."

लोर्कन तडक मिस ब्रोगनकडे गेले. "ती इच्छा कोलमनची नव्हती," ते म्हणाले, "माझी होती." तिने कारण विचारलं नाही. तीही सकाळी त्याच रांगेत होती.

रविवारी कोलमन गायला आणि सभागृह उभं राहिलं. लोर्कन यांचा जीव जळला. मत्सर काही एका रात्रीत जात नाही. तरी ते पुढे झाले.

"कोलमन, शेवटची ओळ तू अशी धरलीस, की मी माझी गायलाच विसरलो."

कोलमन त्यांच्याकडे वळला. "वर्षभर तू अवाक्षर काढलं नाहीस, लोर्कन. मला वाटायचं, माझं गाणं तुला सहन होत नाही."

"होतच नव्हतं," लोर्कन म्हणाले.

वाचकहो, मत्सर गुत्त्यातच भेटतो असं नाही. तो आपल्या सत्कार्याच्या समितीवरही असतो, बहुधा चिटणीस म्हणून! त्याला हाकलता आलं नाही, तरी शेजाऱ्याचं कौतुक गिळू नये; वेळेवर, तोंडावर बोलून टाकावं.

फेब्रुवारीत चारही खाटा भरल्या. वरचा सूर कोणाचा होता, हे तिथल्या कुणीही विचारलं नाही.